डावं घड्याळ, उजवा कान

४ फेब्रुवारी

नवी वही. दादा म्हणतो, नवीन काही शिकताना रोज काय अडलं ते लिहून ठेवावं, म्हणजे तेच पुन्हा अडत नाही. मी म्हटलं, हे शिकायला मी कबूल कधी झाले ते आधी सांग.

काल त्याने परस्पर जाहीर करून टाकलं. तो दर शनिवारी अंध लोकांच्या वाचनालयात जातो. तिथे वीस एप्रिलला सभासदांचा मेळावा आहे. "माझी बहीण कॉम्प्युटरवर एक खेळ तयार करून आणणार आहे, नुसत्या कानांनी खेळायचा," असं त्याने भर सभेत सांगितलं. टाळ्या पडल्या म्हणे. बहिणीला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही, हे सांगायला तो विसरला.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. सोळा वर्षं झाली. मालक मला घार म्हणतात, कारण माझ्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही. दादानेही तेच नाव उचललं. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. पूर्वी इमारतींचे नकाशे काढायचा. त्याची नजर कडेकडेने विझत गेली आणि एक्केचाळिसाव्या वर्षी पूर्ण गेली. आता तो एका हॉस्पिटलात टेलिफोनवर बसतो. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, हा आजार घरात असतो, भावंडांनीही तपासून घ्या. मी जाणारच होते, पण छापखान्यात शब्दकोशाचं काम आलं. मग राहूनच गेलं.

नाही म्हणता आलं नाही याचं कारण एकच. डोळे गेल्यापासून दादाने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं. अकरा आठवडे आहेत.

९ फेब्रुवारी

भाषा निवडायची आहे. माणसांची नव्हे, मशीनची. तीन पुस्तकं आणली आणि कागदावर रकाने पाडून गुण देत बसले. पहिलं पुस्तक सी प्लस प्लसचं, त्याची जाडी पाहूनच मिटलं. दुसरी भाषा पायथन. ही मला फार आवडली. पान उघडलं तर कसं स्वच्छ! कंसांची गर्दी नाही. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे, ते ती डावीकडून किती आत सरकवली आहे त्यावरून ठरतं. छापखान्यातल्या माणसाला आणखी काय हवं? तिला दहापैकी नऊ दिले. टेबलासाठी आणखी एक दिवा आणला, कारण या घरातले दिवे हल्ली फारच मंद जळतात.

११ फेब्रुवारी

दादाकडे गेले होते. पायथन बाद.

त्याने माझं पान स्क्रीन रीडरला वाचायला लावलं. स्क्रीन रीडर म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरमधला तो एकसुरी आवाज, जो स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवतो. तो सुरू झाला: "चार मोकळ्या जागा, जर. आठ मोकळ्या जागा, वाजव. आठ मोकळ्या जागा, थांब. बारा मोकळ्या जागा..." दादा शांतपणे म्हणाला, "आता सांग, ही ओळ कोणाच्या पोटात आहे?" मला सांगता येईना.

"पण तुला कुठे सांगायचंय?" मी म्हटलं. "तुला फक्त खेळायचंय. लिहिणार मी, आणि मला दिसतंय ना."

वहिनी भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. दादा म्हणाला, "खेळात काही बिघडलं तर मला दुरुस्त करता यायला नको? मला ऐकून लिहिता येईल अशी भाषा घे."

म्हणून तिसरी, लुआ. हिच्यात सुरू झालेली प्रत्येक गोष्ट 'एंड' म्हणून बंद करावी लागते. दिसायला तितकी देखणी नाही. पण ऐकताना कळतं की इथे काहीतरी संपलं. दादाचा आग्रह इतका होता की मी वाद घातला नाही. उठताना पाय स्टुलाला अडकून पडता पडता वाचले. वहिनींना म्हटलं, हा स्टूल कोणी इथे वाटेत ठेवला? त्या म्हणाल्या, "तो नेहमी इथेच असतो गं."

१७ फेब्रुवारी

लुआ बरी आहे. मोजायला एकपासून सुरुवात करते, माणसासारखी. बाकीच्या भाषा म्हणे शून्यापासून मोजतात. त्या काय मोजतात देव जाणे.

खेळ सुचला. घड्याळजीचं दुकान, भिंतीवर एका रांगेत बारा घड्याळं टिकटिकतायत. त्यातलं एक किंचित मागे पडतंय. खेळणाऱ्याने डावी-उजवीकडची बटणं दाबत रांगेतून फिरायचं आणि कानाने ते घड्याळ शोधायचं. दादा खूश. "बाराशे शब्दांतून एक चुकीचा शोधायचा," तो म्हणाला, "तुझाच धंदा की हा!"

अडचण: तीन 'एंड' लागोपाठ आले की कोणता कशाचा, हे मला कळत नाही. दादाने युक्ती दिली. प्रत्येक 'एंड'पुढे दोन रेघा मारून लिहायचं, हा कशाचा शेवट. दुकानाचा, रांगेचा की घड्याळाचा.

२४ फेब्रुवारी

आज छापखान्यात वाईट झालं. अवजारांची यादी छापून गेली, हजार प्रती. पानावर दोन रकाने होते. उजव्या रकान्यात अकरा चुका निघाल्या. डाव्यात एकही नाही.

मालकांनी मला आत बोलावलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "बाई, उजवा रकाना तुम्ही पाहिलाच नाहीत का?" एवढंच म्हणाले. पानाखाली माझी सही होती. आमच्या धंद्यात एकच पाप आहे, न वाचलेल्या पानावर सही करणं. मी ते कधीच केलेलं नाही. पण उजवा रकाना आठवून पाहते, तर काहीच आठवत नाही. तो पानावर नव्हताच जणू.

हे खेळाचं खूळ डोक्यात शिरल्यापासून लक्ष लागत नाही, दुसरं काय. फार घाबरले आहे.

२८ फेब्रुवारी

दादाची नवी अट: रोज एक तास स्क्रीन बंद करून, नुसतं ऐकून लिहायचं.

"कशाला?"

"मेळाव्यात कोणीतरी विचारेलच, आम्हालाही असं लिहिता येईल का? तेव्हा तू काय सांगशील?"

"तू सांग की!"

"मी कसा सांगणार? लिहितेयस तू."

मी म्हटलं, सातच आठवडे उरलेत, त्यात हा फाजील लाड कशाला? कडाक्याचं भांडण झालं. मग तो काहीच बोलेना. त्याची ही जुनी सवय, तो गप्प बसला की आपल्याला माघार घ्यावी लागते. घेतली.

३ मार्च

एक तास, स्क्रीन बंद. पहिले तीन दिवस रडकुंडीला आले. आज मात्र गंमत झाली. स्क्रीन रीडर वाचत होता, "कंस सुरू, स्वल्पविराम, कंस बंद," आणि मला छापखान्यातल्या मावशी आठवल्या. मी नोकरीला लागले तेव्हा त्या मूळ प्रत मोठ्याने वाचायच्या. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणत. मी समोर बसून मुद्रित तपासायची. म्हणजे हे काम मी वर्षभर केलेलंच आहे की! स्क्रीन रीडरला आता मावशी म्हणते. मावशी जरा घाई करतात, पण वाचतात स्पष्ट.

६ मार्च

पहिलं घड्याळ वाजलं! घरचं गजराचं घड्याळ ध्वनिमुद्रित केलं होतं. ते हेडफोनमध्ये टिकटिकलं तेव्हा खुर्चीतून उठून टाळी वाजवली. एकटीच.

आणि एक पराक्रम. पुस्तकात म्हटलंय की आवाज डावीकडे न्यायचा असेल तर आकड्याआधी उणे लावा, उजवीकडे न्यायचा असेल तर लावू नका. मी उणे लावलं, तर आवाज उजव्या कानात. तीनदा करून पाहिलं. पुस्तकात चक्क चूक आहे! पेन्सिलने दुरुस्त करून समासात खूण केली आणि खेळातली सगळी चिन्हं उलटी करून घेतली. घार अजून जिवंत आहे. हे मालकांना सांगायला हवं.

१३ मार्च

संध्याकाळी कामावरून येताना एका सायकलवाल्याला धडकले. कुठून उगवला कोण जाणे. "समोर बघून चालता येत नाही का?" तो माझ्यावरच खेकसला. समोरच तर बघत होते. कोपर सोललं.

छापखान्यात माझ्यानंतर पान तपासायला आता आणखी एक जण नेमलाय. मालक म्हणाले, "तुमच्यावर भार नको म्हणून." मला न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? जेवणाचा डबा तसाच परत आणला.

२० मार्च

बारा घड्याळं पूर्ण. दादाकडे नेली. त्याने स्वतःचे हेडफोन लावले, खेळ सुरू केला आणि पहिल्याच मिनिटाला खेळातल्या दुकानाच्या भिंतीवर आपटला.

"डावीकडचं घड्याळ उजवीकडे वाजतंय."

"शक्यच नाही."

"घारे, सगळं दुकान आरशात उभं आहे."

मी म्हटलं, तुझे हेडफोन बिघडलेत. तो म्हणाला, गेली चार वर्षं हेच आहेत. वहिनींनी लावून पाहिले. त्याही म्हणाल्या, उलटं आहे. घरी येऊन माझ्या हेडफोनवर ऐकलं. सुलट! आता काय समजायचं?

२५ मार्च

पाच दिवस एकेक ओळ तपासतेय. चूक नाही. माझ्याकडे बरोबर, त्याच्याकडे उलट. सुट्टी काढली. रांगेचा सगळा भाग पुसून पुन्हा लिहिला, तरी तेच. मेळाव्याला वीस-पंचवीस माणसं येणार आणि भिंतींवर आपटणार. यादीतल्या अकरा चुका, आणि आता हे. माझ्या हातून आता काही नीट होतच नाही का? आज दुपारी कॉम्प्युटरपुढे बसून हमसाहमशी रडले.

२६ मार्च

चूक सापडली.

दादा स्वतः आला, वहिनींचा हात धरून. "तुझे हेडफोन दे," म्हणाला. त्याने दोन्ही कानांच्या दांड्यांवर आतून बोट फिरवलं. एका ठिकाणी थांबला आणि माझं बोट तिथे टेकवलं. छोटासा उंचवटा, मोहरीएवढा. "हा डावा. आम्ही यावरून ओळखतो. आता घाल बघू, नेहमी घालतेस तसे."

घातले. उंचवटा उजवीकडे.

महिनाभर मी हेडफोन उलटे घालत होते. म्हणून पुस्तक चूक वाटलं, म्हणून मी बरोबर असलेली चिन्हं उलटी केली, आणि स्वतःच्या कानांनी तपासून त्यावर सही ठोकली! मी तर हसत सुटले. पण बाकी कोणी हसलं नाही. दादाने विचारलं, "त्याच्यावर डावं-उजवं अक्षर कोरलेलं असतं ना?"

"काळ्यावर राखाडी! या दिव्यात कोणाला दिसणार ते?"

"मला दिसतंय," वहिनी हळूच म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

दादा म्हणाला, "माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येशील?" मी म्हटलं, हेडफोन उलटे घातले म्हणून डॉक्टर? तो म्हणाला, "ये." मग मी म्हटलं, वीस तारीख होऊ दे, मग बघू. त्याने लगेच तेवीस तारीख ठरवून टाकली. एरवी त्याला साध्या तिकिटासाठी दहादा आठवण करावी लागते.

३० मार्च

खेळ त्याच्या कॉम्प्युटरवर चढवताना दादाची एक जुनी फाइल दिसली. त्यात त्याने सात-आठ भाषा लिहून प्रत्येकीपुढे शेरे मारलेत. ऐकून लिहायला सोपी. ऐकताना ओळी हरवतात. लुआपुढे लिहिलंय, हीच. वर नाव दिलंय, 'घारीसाठी'. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

गलबलून आलं. बिचाऱ्याच्या मनात दोन वर्षांपासून हा खेळ होता आणि मला सांगायला संकोचत होता! आता मागे हटणे नाही.

११ एप्रिल

आता दोन-दोन तास स्क्रीन बंद असतो. खरं सांगायचं तर दिव्यांच्या झगमगाटापेक्षा बरं वाटतं, डोकं दुखत नाही. आज मावशी वाचत असताना रांगेचा 'एंड' दुकानाच्या 'एंड'नंतर आला. मी ताडकन म्हटलं, थांबा! त्याच चुकीमुळे बारावं घड्याळ मुकं होतं. चार दिवस मी तेच पान डोळ्यांनी बघत होते आणि काही दिसलं नव्हतं. असं कसं झालं, हा प्रश्न मनात आला. तो बाजूला सारला.

तेवीस तारीख जवळ येतेय याचंच जास्त दडपण वाटतं. वीसचं का नाही वाटत?

२० एप्रिल

झालं. सव्वीस माणसं, सहा कॉम्प्युटर. कोणी भिंतीवर आपटलं नाही. पांढऱ्या केसांच्या एक टायपिस्ट बाई होत्या, त्यांनी नवव्या सेकंदाला मंद घड्याळ पकडलं. "हे पाचवं. दमलंय बिचारं," म्हणाल्या. त्यांनी लागोपाठ चार वेळा पकडलं आणि मला ऐकवलं, "फार सोपं आहे हो, जरा अवघड करा!" इतका आनंद मला सोळा वर्षांत एकाही पुस्तकाने दिला नव्हता. दादा कोपऱ्यात बसून नुसता हसत होता.

एक गोष्ट मात्र लागली. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई डोळस आहेत. आत शिरताना त्यांनी हात पुढे केला होता म्हणे, मला दिसलाच नाही. त्या काही न बोलता माझ्या कोपराला धरून मला खुर्चीकडे नेऊ लागल्या, सभासदांना नेतात तसं. अंगाचा तिळपापड झाला. हात झटकणार होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "इथे पायरी आहे." पायरी होती. मी हात झटकला नाही.

२३ एप्रिल

आजची नोंद वहीत नाही, कॉम्प्युटरवर.

तपासणीच्या खोलीत अंधार होता. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकलेला, हनुवटी टेकलेली. तपासणाऱ्या बाईंनी हातात बटण दिलं. "मधल्या खुणेकडेच बघायचं. आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की दाबायचं. मशीनचा आवाज येईल, तिकडे लक्ष देऊ नका. कधी कधी ते नुसताच आवाज करतं."

खट्, ठिपका. दाबलं. खट्, ठिपका. दाबलं. मग खट्, आणि काही नाही. पुन्हा खट्, काही नाही. हा नुसताच आवाज असेल, मी स्वतःला म्हटलं. पण मग खट्, खट्, खट्. किती वेळा नुसताच आवाज करेल एखादं मशीन? आणि मी दाबायला लागले. आवाजावर. फार सोपं होतं ते. दोन महिन्यांत माझे कान इतके तयार झालेत की खटक्यावरून ठिपका डावीकडे आहे की उजवीकडे, तेही सांगितलं असतं. दाबत गेले. पास होत होते. मालकांना सांगता आलं असतं की डोळे ठणठणीत आहेत. दादालाही.

आणि मग तो उजवा रकाना आठवला. पाहिलाच नव्हता, आणि खाली माझी सही. तेव्हा ती नकळत झाली होती. ही तर कळून सवरून चालली होती.

बटणावरून बोट काढलं. "बाई," मी म्हटलं, "पुन्हा पहिल्यापासून घ्या. मी ऐकून दाबत होते."

त्यांनी मशीन थांबवलं. मग म्हणाल्या, "घेऊ." दुसऱ्या वेळी मी फक्त दिसलं तेवढंच दाबलं. फार थोडं दाबावं लागलं. मधे एक वाटोळी खिडकी उरली आहे, बाकी सगळीकडे नुसतं खट्.

बाहेर दादा बाकावर बसला होता, वहिनी पैसे भरायला गेल्या होत्या. मी शेजारी बसले. मीच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दोन वर्षांपूर्वी. वहिनी तुला ताट देत होती आणि तू घेत नव्हतीस. ती मला म्हणाली, तुमचं सुरुवातीला असंच व्हायचं."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, शब्दकोशाचं काम अजून संपलेलं नाही." मग म्हणाला, "मला कळलं तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं गं. नकाशे ऐकता येत नाहीत. तुझ्या हातात काहीतरी असावं असं वाटलं."

मी त्याचा दंड धरला आणि खूप रडले. येणारे-जाणारे बघत असतील, मला दिसले नाहीत. उठताना आम्हाला कळेना की कोणी कोणाला न्यायचं. शेवटी वहिनी मधे आल्या.

मला भीती वाटतेय. मालकांना उद्या सांगायचं आहे, आणि त्यांच्याकडे ऐकून करण्यासारखं काम आहे का, हेही विचारायचं आहे. पहिलं वाक्य अजून सुचलेलं नाही. खेळही अवघड करायचा आहे, टायपिस्ट बाईंना शब्द दिलाय.

ही नोंद स्क्रीन बंद ठेवून लिहिली. आता मावशींकडून सगळी वाचून घेतली. दुसऱ्या परिच्छेदात एक वेलांटी सुटली होती. ऐकू आली. दुरुस्त केली.